घोडी गेली, शिंगरू उभं आहे

फोन पहाटे पावणेसहाला आला. "डाक्टर, घोडी गेली. शिंगरू हुबं हाय."

बोलणारी बाई धनगरवाड्यावरची. कुटुंब फलटण तालुक्यातलं, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडलेलं. त्या फेब्रुवारीत वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला, ऊस तुटून गेलेल्या रानात बसला होता. अडीचशे मेंढरं, आठ शेळ्या, दोन कुत्री आणि बिऱ्हाड वाहायला तीन घोडे: सोळा वर्षांची ही घोडी, एक खच्ची घोडा आणि एक तरणी घोडी. मी तिथून चाळीसेक किलोमीटरवर.

मी तीन प्रश्न विचारले. व्याली कधी? रात्री दोनच्या सुमारास. शिंगरू उभं कधी राहिलं? तासाच्या आत. प्यायलं का? इथे बाई अडखळली. "तोंड लावत व्हतं. पर घोडी सारखी उठाय-बसायची. पोटात किती गेलं, देवाला ठावं." वार वेळेत पडली होती. मग घोडीला दरदरून घाम सुटला, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि पाचच्या आधी ती आडवी झाली.

"ताई, कास अजून गरम असेल. आत्ताच्या आत्ता चीक काढून घ्या. निघेल तेवढा."

पलीकडे काही क्षण कुणी बोललं नाही. ज्या जनावराने वर्षानुवर्षं संसार पाठीवर वाहिला, ते समोर मरून पडलंय आणि डॉक्टर त्याची धार काढायला सांगतोय. मला तेव्हा ते जाणवलंच नाही, माझं डोकं घड्याळात होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं." मी पोचलो तेव्हा कळशीच्या सावलीला, फडक्याने झाकलेला पेला होता. मधासारखा चिकट, पिवळसर चीक. शंभरेक मिली तिने आधीच कोकरांच्या बाटलीने पाजला होता, दोनशेच्या आसपास शिल्लक होता.

शिंगराला काय पाजायचं, हे मला वर्षातून दोन-तीनदा तरी विचारलं जातं. त्याला कुणाजवळ वाढवायचं, हे कुणी विचारत नाही. या प्रकरणात मीही तो प्रश्न उशिराच विचारला. म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

पहिले तीस तास

घोडीच्या पोटात मी बारीक सुई घातली, तर सळसळून रक्त आलं. उतारवयातल्या घोडीत विताना कधीकधी गर्भाशयाची मोठी धमनी फाटते. बाहेर थेंब दिसत नाही, सगळं पोटात साचतं. मी तिथे असतो तरी फार काही करू शकलो नसतो. बाईला हे दोनदा सांगावं लागलं, कारण तिच्या मनात तिने आदल्या दिवशी घोडीवर केलेली लादणी घोळत होती.

शिंगरू नर. खांद्यापासून खाली बदामी, कपाळावर चांदणी. धान्याच्या काट्याला चादरीची झोळी टांगून वजन केलं: २४ किलो. ही जात भीमथडी, भीमेच्या थडीवरची. इंग्रजांच्या काळापासून हिला डेक्कनी तट्टू म्हणतात, आणि अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून हिची नोंद केली आहे. उंची सव्वाचार फुटांच्या आसपास, वजन अडीचशे किलो. शिंगरू आईच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाचं असतं, तेव्हा २४ किलो म्हणजे पूर्ण दिवसांचं आणि अंगाने धड. परदेशी मिनिएचर जातीचं शिंगरू आठ-दहा किलोचंच असतं. तिथे पुढचे सगळे आकडे निम्म्याच्या खाली आणायचे आणि उपाशीपणाला दुप्पट घाबरायचं, कारण तेवढ्याशा देहात साखरेचा साठा जवळपास नसतोच.

ताप ३७.८ सेल्सिअस, नाडी ९६, श्वास ३६. तिन्ही ठीक. मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवला तो जिभेवर. तोंडात बोट घातलं की जीभ त्याला पन्हाळीसारखी वेढून ओढते की नाही, ते पाहायचं. शिंगरू आजारी पडायला लागलं की आधी ही ओढ जाते, ताप नंतर येतो. याची ओढ जोरकस होती.

नाळेवर हळद आणि राख चोपडलेली होती. ती धुऊन क्लोरहेक्सिडीनच्या अर्धा टक्का द्रावणात नाळ बुडवली आणि तीन दिवस, दिवसातून चारदा तेच करायला सांगितलं. टिंक्चर आयोडीन मी वापरत नाही. ते कडक असलं तर नाळेभोवतीची कातडी भाजते आणि तिथूनच जंतू शिरतात. धनुर्वाताची प्रतिविषाची सुई दिली, १५०० युनिटची. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही, आणि मेंढरं बसलेलं रान म्हणजे त्या जंतूंचं घरच. पोटातला पहिला काळा चिकट मळ पडला नव्हता. शिंगरू शेपटी उचलून कुंथत होतं. नरात कमरेची वाट अरुंद, त्यामुळे हे जास्त होतं. कोमट साबणपाण्याचा एनिमा दिला. दहा मिनिटांत डांबरासारख्या गोळ्या पडल्या आणि बाई त्या सकाळी पहिल्यांदा हसली.

आता चिकाबद्दल. माणसाचं मूल आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं पोटातच घेऊन येतं. घोडीची वार जाड पदरांची, त्यातून ही द्रव्यं पलीकडे जात नाहीत. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याची झोळी रिकामी असते. ती भरते फक्त चिकातून, आणि तीही आतड्याचं दार उघडं असेपर्यंत. पहिले सहा-आठ तास ते सताड उघडं असतं, मग हळूहळू मिटत जातं आणि दिवसभरात बंद होतं. त्यानंतर घागरभर चीक पाजला तरी ते नुसतं अन्न. २४ किलोच्या शिंगराला निदान अर्धा लिटर चांगला चीक हवा. आमच्याकडे होता ३०० मिली, अधिक घोडी जिवंत असताना त्याने ओढला असेल तेवढा.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं रक्त घेतलं. मोठ्या घोडाफार्मांवर यासाठी तयार किट असतात, माझ्याकडे नसतं. माझ्याकडे असतं १० टक्क्यांचं ग्लुटराल्डिहाइड. अर्धा मिली रक्तद्रवात त्याचे ५० मायक्रोलिटर टाकायचे आणि घड्याळ लावायचं. दहा मिनिटांच्या आत त्याची जेली झाली तर प्रतिकारद्रव्यं डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर, काळजी नाही. तासभरानेही पातळ राहिलं तर ४०० च्या खाली, धोका. आमची जेली ३५ मिनिटांनी झाली. म्हणजे ना इकडे, ना तिकडे.

चकचकीत तबेल्यातलं शिंगरू असतं, तर कदाचित मी नुसत्या प्रतिजैविकावर राहिलो असतो. इथे शेणलेंड्यांची जमीन, उघडं रान आणि दर तीन-चार दिवसांनी मुक्काम हलणार. मी रक्तद्रव चढवायचं ठरवलं.

रक्त घेतलं खच्ची घोड्याचं. तरण्या घोडीचं का नाही, तर वेत झालेल्या घोडीच्या रक्तात दुसऱ्या रक्तगटांविरुद्धची द्रव्यं तयार झालेली असू शकतात. माणसांच्या रक्तासाठी मिळतात त्या ४५० मिलीच्या तीन पिशव्या भरल्या. पावणेतीनशे किलोच्या घोड्याला एवढं रक्त गेल्याचं काही वाटत नाही. तो तेवढ्या वेळात कडबा खात उभा होता. पिशव्या बाभळीला उभ्या टांगल्या. घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर खाली बसतात. गाईचं रक्त असतं तर दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली असती. दोन तासांत पिशवीच्या वरच्या भागात गवती चहासारखा पिवळा द्रव वेगळा झाला. तो निर्जंतुक नळीने दुसऱ्या पिशवीत उतरवून घेतला, सहाशे मिली. मग गाळणीच्या सेटमधून शिंगराच्या मानेच्या शिरेत, पहिली दहा मिनिटं अगदी थेंबथेंब, मग जरा वेगाने, दीड तासात. शिंगरू बाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं. त्यानंतरच्या सकाळी जेली आठ मिनिटांत झाली. जोडीला पाच दिवस प्रतिजैविक दिलं.

दूध

वाड्यावर दूध होतंच. मेंढीचं, दाट, साय धरणारं. कोकराला जे पोसतं ते शिंगराला का पोसणार नाही, हा बाईचा सवाल रास्त होता. उत्तर आकड्यांत आहे. घोडीचं दूध पातळ आणि गोड: स्निग्धांश दोन टक्क्यांच्या आत, प्रथिनं दोनच्या आसपास, दुधातली साखर सहाच्या वर. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार, साखर पाचाच्या आत. म्हशीच्या आणि मेंढीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात. म्हणजे दाटपणा अर्धा करायचा आणि गोडी वाढवायची.

पहिले चार दिवस शेळीचं दूध दिलं. त्यातले स्निग्धाचे कण बारीक असतात, शिंगरं ते चवीने पितात आणि वाड्यावर चार शेळ्या दुभत्या होत्या. पुढे तेवढं पुरेना, तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याच्या संकरित गाईचं दूध सुरू केलं. उकळायचं, गार करायचं, साय पूर्ण काढायची आणि लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज घालायचं. ग्लुकोजच, साखर नाही. हे मी सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नाही, आणि ती माझी पहिली चूक.

तिसऱ्या रात्री दूध कमी पडलं. बाईने लहान लेकराला देतात तसं कोमट गूळपाणी पाजलं. सकाळपर्यंत शिंगराची शेपटी आणि मांड्या पिवळ्या पाण्याने भरल्या. गूळ काय, साखर काय, दोन्ही म्हणजे सुक्रोज. नवजात शिंगराच्या आतड्यात ते फोडणारं विकर जवळपास नसतंच. न पचलेला गूळ आतड्यात पाणी ओढतो आणि हगवण लागते. एकाआड एक पाजणीला दुधाऐवजी ओआरएस दिलं, डोळे खोल जातात का आणि चिमटीत धरलेली कातडी परत बसायला वेळ लावते का ते बघत राहिलो. दीड दिवसात सावरलं. बाई आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. तिला वाटलं होतं मी रागावेन. मी रागावलो नव्हतो, पण तसं सांगायचंही मला सुचलं नाही.

नवव्या दिवशी पुन्हा पातळ लीद झाली आणि वाड्यावर घबराट. या वेळी मी काहीच केलं नाही. शिंगरू उड्या मारत होतं, ताप नव्हता, पिण्याची ओढ होती. सहाव्या ते बाराव्या दिवसात बहुतेक शिंगरांना असं होतं. जुने लोक म्हणतात, आई माजावर येते म्हणून दूध बिघडतं. पण याला आईच नव्हती, तरीही झालंच. आतड्यात नवे जंतू वस्तीला येतात, त्याचा तो गोंधळ. मागचा भाग धुऊन खोबरेल तेल लावायला सांगितलं, एवढंच. त्याच सुमाराला त्याला खच्ची घोड्याची ताजी लीद खाताना पोराने पाहिलं आणि काठी घेऊन धावला. त्याला थांबवलं. शिंगरं आईची लीद खातातच, चारा पचवणारे जंतू त्यातूनच पोटात जातात. आई नसेल तर जंताचं औषध दिलेल्या निरोगी घोड्याची ताजी लीद मुद्दाम ठेवावी.

किती पाजायचं? पहिल्या दिवशी वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे २.४ लिटर, दर तासाला शंभर-शंभर मिली. तिसऱ्या दिवशी साडेतीन लिटर, दर दोन तासांनी. आठवड्याने पाच लिटर, पुढे सहापर्यंत. आईजवळचं शिंगरू पहिल्या आठवड्यात तासाला पाच-सात वेळा लुचतं, दर वेळी घोटभर. आपण चार वेळांत लिटर-लिटर ओतलं, तर पोट फुगतं आणि पोटशूळ उठतो. रात्री दर दोन तासांनी कोण उठलं? बाई आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा, आळीपाळीने. मेंढरांच्या राखणीला नवरा जागाच असायचा, तो उठवायचा.

बाटलीचं बूच कोकरांचंच चाललं, या शिंगराचं तोंड तेवढंच होतं. बाटली उलटी धरली तर थेंब पडावा, धार लागू नये. पाचव्या दिवशी मुलाने सुई तापवून भोक मोठं केलं, पाजणं लवकर उरकावं म्हणून. शिंगराला ठसका लागला आणि नाकातून दूध आलं. मी त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस छातीला नळी लावून ऐकलं. फुप्फुसं स्वच्छ होती, नशीब. शिंगरू उभं असावं, मान वर ताणलेली नसावी, तोंड आईच्या कासेच्या उंचीवर असावं. बसलेल्या शिंगराला, डोकं मांडीवर घेऊन, वर तोंड करून पाजताना फार गोड दिसतं. त्याच गोडव्यात दूध फुप्फुसात जातं.

म्हणून सहाव्या दिवशी बाटली बंद करून पातेलं आणलं. पसरट, ॲल्युमिनियमचं. बोट दुधात बुडवून चोखायला द्यायचं आणि हळूहळू बोट खाली न्यायचं. एका दुपारीत शिकलं. पातेलं त्याच्या छातीच्या उंचीला टांगून ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. ठसक्याचा धोका गेला, शिवाय दूध म्हणजे माणूस असं त्याच्या डोक्यात बसत नाही. मुलाला हे अजिबात पटलं नाही. बाटली त्याच्या हातात होती तोवर शिंगरू त्याचं होतं.

मधल्या काळात दाई मिळवायचाही एक प्रयत्न झाला. दोन मैलांवरच्या दुसऱ्या वाड्यात दूध देणारी घोडी होती, पण तिचं स्वतःचं दोन महिन्यांचं शिंगरू जिवंत. तिच्या नाकपुड्यांना कापूर चोळला, शिंगराच्या अंगाला तिच्याच शिंगराचा खरारा केलेला ब्रश फिरवला. तिने एकच लाथ घातली, ती शिंगराला न लागता माझ्या गुडघ्याला लागली. शिंगरू मेलेल्या घोडीशी हे कधीकधी जमतं. जिचं हयात आहे तिच्याशी क्वचितच. पुन्हा प्रयत्न केला नाही.

माझा सल्ला

विसाव्या दिवशी वाडा लांबच्या पल्ल्याला निघणार होता. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चाल, रोज नवं रान, दूध मिळेल की नाही याचा भरवसा नाही. मी म्हटलं, शिंगराला गावी आजीकडे ठेवा. घरी दोन संकरित गाई, सावली, पाणी, आजी दिवसभर मोकळी. सगळ्यांना पटलं. टेम्पोत घालून त्याला फलटणकडच्या गावी पोचवलं.

दुधाच्या हिशेबाने हा सल्ला बिनचूक होता. तीस दिवसांचं झालं तेव्हा वजन ३८ किलो. पंधराव्या दिवसापासून मूठभर भरडा, दुसऱ्या महिन्यात मका, सोयाबीनची पेंड, दूध पावडर आणि खनिज मिश्रण मिळून दिवसाला अर्धा किलो, शिवाय कोवळा लसूणघास. आठ आठवड्यांनी जंताचं औषध. पोट जरा सुटलेलं, केस राठ, हातावर वाढलेल्या शिंगराचं असतं तसं. तीन महिन्यांना ६८ किलो. आईजवळचं असतं तर आणखी पाच-सात किलो भरलं असतं.

एकदा मात्र थोडक्यात वाचलं. शेजाऱ्याने कौतुकाने वासरांच्या खाद्याची गोणी आणून दिली. मी नेमका त्या दिवशी गेलो आणि गोणीवरचं लेबल वाचलं: मोनेन्सिन. वासरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत हे औषध घालतात. गाईला ते मानवतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने मरतात. किलो वजनाला दोन-तीन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात. गोणी न उघडता परत गेली. घरात घोडा असेल, तर दुसऱ्या जनावराचं कुठलंही तयार खाद्य लेबल वाचल्याशिवाय दारात आणू नये.

पण त्या घरी एकही घोडा नव्हता, आणि याचा विचार मी केला नव्हता. शिंगरू शेळ्यांबरोबर झोपायचं, कोंबड्यांमागे पळायचं, आजीच्या पदराला तोंड लावून चालायचं. गल्लीतली पोरं त्याला दोन पायांवर उभं करायची, तेही पुढचे पाय त्यांच्या खांद्यावर ठेवायचं. मोबाइलवर चित्रफिती निघाल्या. चाळीस किलोचं होतं तोवर सगळे हसत होते. अडीच महिन्यांनी त्याने पहिल्यांदा एका मुलीचा दंड धरला. चावा नव्हे, घोडे एकमेकांच्या मानेला खेळत धरतात तसा. दुसऱ्या घोड्याची कातडी जाड असते, मुलीच्या दंडावर निळं वळ उठलं. मग पाठमोऱ्या माणसावर उडी घेणं सुरू झालं. चौथ्या महिन्यात आजीला पाडलं. तिचं मनगट मुडपलं. आजी म्हणाली, "खेळतंय ते, वाईट न्हाई त्याच्या मनात." तिचं खरंच होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. माणूस म्हणजे आपल्यासारखंच दुसरं शिंगरू, एवढंच त्याला माहीत होतं. घोड्याच्या किती जवळ जायचं, कान मागे पडले की काय समजायचं, मोठ्यापुढे कसं नमायचं, हे सांगायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

लोकांनी सल्ले दिले. थोबाडीत मारा, तोंडाला जाळी बांधा, विकून टाका. मार दिला असता तर त्याने तोही खेळच समजून परत हाणलं असतं. मी फोन करून वाडा कधी परततोय ते विचारलं. मृगाच्या आत, असं उत्तर आलं. तोवर पोरांना अंगणात बंदी, आणि दूध पूर्ण बंद करून नुसता चारा-भरडा. साडेतीन महिन्यांच्या पुढे दुधाची गरज तशीही उरली नव्हती. तोवर दूध संपलं होतं साडेचारशे लिटरच्या आसपास.

खच्ची घोडा

जूनच्या पहिल्या आठवड्यात वाडा गावी आला. मी मुद्दाम गेलो. माळावर एका मोकळ्या वाडग्यात आधी खच्ची घोड्याला सोडलं, मग शिंगराला. बाभळीला रक्ताच्या पिशव्या टांगल्या होत्या तोच हा घोडा.

शिंगरू थेट त्याच्यावर धावून गेलं. जे पोरांशी करायचं तेच, मागून येऊन पुढचे पाय त्याच्या ढुंगणावर. घोड्याने कान सपाट केले. शिंगराला त्याचा अर्थ कळला नाही. मग घोडा किंचाळला, वळला आणि त्याने शिंगराच्या खांद्याला कडकडून चावा घेतला. शिंगरू चार हात मागे कोलमडलं. आजी काठी घेऊन वाडग्याच्या तोंडाशी. "मारतंय की वं माझ्या लेकराला!" मी दार धरून उभा राहिलो. आजीने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्यांदा गेलं, दुसऱ्यांदा मार खाल्ला. तिसऱ्यांदा मात्र ते अर्ध्यावर थांबलं. मान खाली आणि पुढे ताणली, ओठ मागे ओढले आणि दात न वाजवता तोंड उघडमिट करायला लागलं, हवा चावल्यासारखं. आईच्या आडोशाला वाढणारी शिंगरं मोठा घोडा समोर आला की असं करतात. याने चार महिन्यांत एकदाही केलं नव्हतं, करायला समोर कुणी नव्हतंच. शिकवावं लागलं नाही, आत कुठेतरी होतंच ते. घोड्याने त्याचं नाक हुंगलं आणि चरायला लागला. तासाभराने शिंगरू त्याच्यापासून दोन हातांवर चरत होतं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसाळाभर मी पंधरवड्याने जात होतो. माणसावर उडी घ्यायचं ते दोन महिन्यांत थांबलं. तोंड लावायची खोड उरली, विशेषतः आजीच्या पदराशी. मुलाने त्याला मोहरकी घालून चालायला शिकवलं, रोज दहा मिनिटं, आधी खच्ची घोड्याच्या मागून, मग एकट्याने. सहा महिन्यांना वजन १०५ किलो. आज पुन्हा अशी वेळ आली, तर मी विसाव्या दिवशी शिंगराबरोबर खच्ची घोड्यालाही गावी पाठवायला सांगेन आणि बिऱ्हाडासाठी तीन महिने दुसरं जनावर बघू म्हणेन. बाईला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "तवा सांगितलं असतं तर केलं असतं."

दिवाळीनंतर वाडा पुन्हा निघाला. साडेआठ महिन्यांचं शिंगरू, मोकळंच, दावं न बांधता, खच्ची घोड्याच्या डाव्या बाजूला. आजी ओट्यावर उभी होती. तिने ॲल्युमिनियमचं पातेलं आणून पळीने वाजवलं, पूर्वी दुधाच्या वेळेला वाजवायची तसं. शिंगराने कान वळवला, पाय थांबवले नाहीत.

खच्चीकरण माघात, थंडीत माश्या कमी असताना करायचं ठरलं आहे. तोवर वाड्यावरच्या लहान पोरांनी त्याच्या मागून जायचं नाही, आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचं नाही.